एकाच आईची तीन मेनोनाइट मुलं

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे लोकांचं ऐकू येणं तपासते आणि गरज असेल तर त्यांना कानाचं मशीन बसवून देते. राहते ऑस्ट्रेलियात, ट्रुगानिनात, पण एक गुरुवार आड पावणेतीन तास गाडी चालवून एका लहान गावात क्लिनिकसाठी जाते. गाव म्हणजे एक रुंद रस्ता, दोन बेकऱ्या, धान्य साठवायचा उंच सायलो आणि एक हेल्थ सेंटर. त्या सेंटरमधली मागची खोली गुरुवारी माझी असते.

तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, त्या खोलीत दोन बायका आल्या. एक सत्तरीच्या पुढची. घोट्यापर्यंत गडद निळा झगा, डोक्यावर पातळ पांढरी टोपी, टोपीच्या नाड्या हनुवटीखाली बांधलेल्या, पायात काळे बूट. दुसरी साठीची असावी. जीन्स, कापलेले केस, हातात गाडीची किल्ली. मला वाटलं, काउन्सिलने म्हाताऱ्या माणसांना ने-आण करायला पाठवलेली ड्रायव्हर असेल.

"मी हिची धाकटी बहीण," जीन्सवाली म्हणाली.

अशा टोपीतल्या लोकांबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेलं. अमेरिकेतले आमिश, घोडागाडी, वीज नाही, आणि त्यांच्यातून पळून गेलेली मुलं. मी मनातल्या मनात जुळवून टाकलं की ही धाकटी म्हणजे पळून गेलेली.

"तुम्ही आधी आमिश होतात का?" मी तिला विचारलं.

"नाही. मी मेनोनाइट आहे."

"आणि या?"

"तीही मेनोनाइट."

"मग आमिश कोण?"

"आमची आजी," थोरली म्हणाली. ते तिला नीट ऐकू आलं होतं, कारण मी उगाचच मोठ्याने बोलत होते.

धाकटीने समजावलं. ते मूळचे कॅनडाचे. आजीचं घर आमिश, आजोबांचं मेनोनाइट. दोन्ही ख्रिस्ती पंथ एकाच जुन्या झाडाच्या फांद्या, आणि एकेका फांदीला पुन्हा पुष्कळ फांद्या. चाळीसेक वर्षांपूर्वी काही कुटुंबं ऑस्ट्रेलियात येऊन शेती करू लागली, त्यांत ही भावंडं होती. धाकटी आता शाळेत गणित शिकवते. मी मान हलवत राहिले, पण खरं सांगायचं तर पहिल्या फांदीनंतरच माझा धागा सुटला होता.

कान तपासले. थोरलीचं ऐकणं दोन्ही बाजूंनी बरंच कमी झालं होतं, विशेषतः वरच्या पट्टीतलं. आजकालची बहुतेक मशीनं फोनला जोडता येतात, फोनवरूनच त्यांचा आवाज आणि सेटिंग बदलता येतं. कोणाही पेशंटला मी तीन-चार प्रकार समोर मांडून दाखवते. त्या दिवशी मी टोपीकडे पाहिलं आणि एकच साधं, दणकट मशीन पुढे केलं. फोनवाल्यांचा विषयच काढला नाही. आपण किती समजून वागलो, असंही मला वाटलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"म्हणजे क्वेकर्स का?" तो म्हणाला. "सिडनीत क्वेकर्स हिल आहे ना, माझा धाकटा भाऊ राहतो तिथे. तिथे असतील असले लोक."

"त्याच्या गल्लीत तर सगळे तेलुगू आहेत."

"नाव कसं पडलं मग?"

आम्ही जेवता जेवता मोबाइलवर शोधलं. क्वेकर वेगळे, मेनोनाइट वेगळे, एवढं कळलं. बाकी जेवढं वाचावं तेवढा गुंता वाढत गेला. कोणाला रबरी टायर चालत नाहीत, पण ट्रॅक्टर चालतो. कोणाला गाडी चालते, पण ती काळीच हवी. कोणाचे कपडे तुमच्या-आमच्यासारखे आणि मुलं डॉक्टर. नवरा म्हणाला, "राहू दे, तुझं काम कानाशी." ते मला पटलं.

चार आठवड्यांनी थोरली परत आली. या वेळी सोबत भाऊ होता, वयाने दोघींच्या मधला. मिशा नाहीत, पण हनुवटीखालून गोल दाढी, पँटला खांद्यावरून गेलेले पट्टे, आणि शर्टाच्या खिशात फोन. तो फोन पाहून मी पुन्हा चक्रावले. तो लाकडी फर्निचर बनवायचा, आणि बहिणीला स्वतःच्या गाडीतून घेऊन आला होता. ती गाडी मी नंतर आतून पाहिली. रेडिओ काढून टाकलेला होता आणि त्या भोकावर त्याने गुळगुळीत पॉलिश केलेली फळी इतकी बेमालूम बसवली होती की कंपनीचीच वाटावी.

थोरलीने मशीनची डबी टेबलावर ठेवली. "हे परत घे."

"काय त्रास होतोय?"

"बोलणं चांगलं ऐकू येतं. पण रविवारी आम्ही गायला लागलो की आवाज थरथरतात. सगळं चर्च पाण्याखाली गातंय असं वाटतं."

त्याचं कारण मला ठाऊक होतं. मशीन शिट्टी मारू नये म्हणून त्यात एक सोय असते. लांबवलेला सूर आला की ती सोय त्यालाच शिट्टी समजते आणि दाबायला जाते. मी त्यांना ते सांगितलं. वरच्या मॉडेलमध्ये गाण्यासाठी वेगळं सेटिंग ठेवता येतं, फोनवरून हवं तसं बदलता येतं, हेही सांगितलं. आणि पुढे म्हणाले, "पण तुमच्यात फोन चालत नाही, म्हणून मी ते सुचवलं नाही."

भावाने बहिणीकडे पाहिलं.

"तुला कोणी सांगितलं?" थोरलीने विचारलं.

मी टेबलावरची डबी माझ्याकडे ओढली.

"घरात फोन नको, असं आमच्या चर्चचं ठरलंय," ती म्हणाली. "आमच्या रस्त्याच्या टोकाला एका खोपटात फोन आहे, पाच घरांना मिळून. तिथे जाऊन मी बोलते. कान काही माझ्या घराला लावलेले नाहीत." चेहरा अगदी गंभीर होता. ती गंमत करत होती की खरंच नियम सांगत होती, ते मला आजही ठरवता येत नाही.

मी माफी मागितली. "म्हणजे चालेल?"

"ते मी एकटी कशी सांगू? विचारावं लागेल."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"आमच्याकडे विचारावं लागणार नाही," भाऊ म्हणाला.

"तुम्ही दोघं एकाच चर्चचे नाही?"

नव्हते. आधी सगळी कुटुंबं एकत्र होती. मग गाडी घ्यायची की नाही यावरून पुष्कळ वर्षं बोलणी चालली आणि शेवटी दोन चर्चेस झाली. भाऊ गाडीवाल्यांत, थोरली घोडागाडीवाल्यांत. दोन्ही चर्चेसमध्ये अंतर बारा किलोमीटर. धाकटी तर तिसरीकडेच, शहरातल्या एका मेनोनाइट चर्चला जायची, जिथे पियानो होता आणि कधी कधी बाई प्रवचन द्यायची.

"मग भांडणं झाली असतील," मी म्हणाले.

"रडणं झालं," थोरली म्हणाली. "आईला तिघांकडे जेवायला जावं लागायचं."

त्या दिवशी परतताना मी गाडीत गाणी लावली नाहीत. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याचं कारण होतं.

मी वसईची. सामवेदी ख्रिस्ती. ऑस्ट्रेलियात आल्यापासून मी दर दोन महिन्यांनी कोणाला ना कोणाला हे समजावत असते. मराठी मंडळात गेले की, "ख्रिश्चन असून मराठी कसं काय?" मी म्हणते, घरी मराठीच बोलतो, म्हणजे सामवेदी, ती जरा वेगळी. "म्हणजे कोकणी?" नाही. "गोवा?" नाही. आई सहा महिने माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा ती तिचं लाल लुगडंच नेसायची. सिडनीतल्या टूनगॅबीहून आलेल्या एका पाहुणीने तिला प्रेमाने विचारलं, "मावशी, तुम्ही कोळी का?" आईला राग आला नाही, पण ती रात्री मला म्हणाली, "कोळी ख्रिस्ती वेगळे, वाडवळ वेगळे, आपण वेगळे. एवढं पण ठाऊक नाही?" एकाच तालुक्यात, एकाच पोपचे आम्ही सगळे, आणि आईच्या काळापर्यंत एकमेकांत लग्नंही होत नसत. मी स्वतः जीन्स घालते, लुगडं कधी नेसलेच नाही. पण म्हणून मी कुठून पळून आले असं कोणी म्हटलं तर मला झोंबेल.

आणि मी मात्र एका बाईची टोपी पाहून तिचं मशीन ठरवलं होतं.

थोरलीच्या चर्चमधून होकार आला, पण अर्धा. मशीन नवं घ्यावं, त्याला फोन जोडू नये. गाण्याचं सेटिंग मशीनवरच्या बटणाला द्यावं. ते करता येण्यासारखं होतं. अडचण एवढीच की सेटिंग ठरवताना ती गात असताना, खरं गाणं चालू असताना मला लॅपटॉप घेऊन समोर बसावं लागणार होतं. तिच्या चर्चमध्ये लॅपटॉप नेणं बरं दिसलं नसतं. भाऊ म्हणाला, "माझ्या वर्कशॉपमध्ये या. तिथे वीज आहे. शनिवारी आम्ही तिघंही असू."

मी शनिवारी गेले. वर्कशॉपच्या बाहेर थोरलीची टपाची काळी घोडागाडी बांधलेली होती. तिच्या शेजारी मी माझी गाडी लावली. उतरल्यावर ते दोन्ही एकत्र इतकं मजेशीर दिसलं की मी फोटो काढला आणि मराठी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. त्यात माणूस एकही नव्हता. टाकून वळते तो दारात भाऊ उभा.

"तू कानासाठी आलीस की आम्हाला बघायला?" तो म्हणाला.

माझे कान गरम झाले. मला वाटलं होतं, फोन खिशात ठेवणाऱ्याला फोटोचं काय वाटणार. काही वाटलंच तर घोडागाडीवालीला वाटेल. थोरली मागून आली, काय झालं ते विचारलं, आणि म्हणाली, "घोड्याने हरकत घेतली का?" मग भावाशी त्यांच्या जर्मन बोलीत काहीतरी बोलली. तो आत गेला. मी थोरलीसमोरच फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. तोवर सात जणींची उत्तरं आली होती. एकीने विचारलं होतं, "हे लोक पेमेंट कसं करतात?" मी फोन बंद करून आत गेले.

आत लाकडाच्या भुशाचा वास होता. मी एका अर्धवट टेबलावर लॅपटॉप मांडला, थोरलीच्या कानात नवी मशीनं बसवली. आता गायचं. पण काय गायचं यावरच गाडी अडली. थोरलीच्या चर्चमध्ये सगळे एकाच सुरात, अतिशय संथ गातात; एकेका शब्दावर इतका वेळ की माझा श्वास संपला असता. भावाच्या चर्चमध्ये चार पट्ट्यांत, प्रत्येक गटाचा सूर वेगळा, वाद्यांशिवाय. धाकटीला पियानोची सवय. शेवटी त्यांच्या आईचं, घरात झोपवताना म्हणायचं एक जर्मन भजन निघालं. थोरलीने सुरुवात केली, भाऊ खाली उतरला, धाकटी वर गेली. धाकटीला मधले शब्द आठवत नव्हते, तिथे ती नुसतं गुणगुणली.

मी सेटिंग बदलत होते. शिट्टी रोखणारी सोय कमी केली, वरच्या सुरांना थोडी जागा दिली, मोठे आवाज दाबणं सैल केलं. थोरली बोटाने खुणावायची: अजून, नको, हां. चौथ्यांदा म्हणताना तिने बोट खाली ठेवलं आणि गात राहिली. म्हणजे जमलं असावं. मी विचारलं, "आता पाण्याखाली वाटतं का?"

"नाही. पण हा तर बेसुरा आहे," ती भावाकडे पाहत म्हणाली. "मला वाटायचं मशीनचा दोष."

भाऊ हसला. फोटोनंतर पहिल्यांदाच.

मग त्यांनी मला जेवायला थांबवलं. ब्रेड, चीज, बीटाच्या रसात मुरवलेली गुलाबी अंडी, आणि मधोमध व्हेजिमाइटची, म्हणजे ब्रेडला लावायच्या काळ्या खारट लेपाची बाटली. भावाने माझं चर्च विचारलं. मी कॅथलिक म्हणून सांगितलं तेव्हा थोरली ब्रेडला लोणी लावत म्हणाली, "आमची माणसं मोठेपणी बाप्तिस्मा घेतात म्हणून पाचशे वर्षांपूर्वी त्यांना नदीत बुडवायचे. काहींना तुमच्या लोकांनी बुडवलं, काहींना इतरांनी."

आवाजात राग नव्हता, वाणसामानाची यादी वाचावी तसं ती बोलली. "त्या वेळी आम्ही अजून कॅथलिक झालो नव्हतो," मी म्हणाले. "आमच्या गावात पोर्तुगीज त्यानंतर आले." हे बोलून मी सुटले की आणखी अडकले, कोण जाणे. थोरलीने अंड्यांची वाटी माझ्याकडे सरकवली.

सगळ्यांत जास्त कोडं मला धाकटीचं पडलं. मी तिला मनातून आपल्यातलीच समजायला लागले होते. जेवताना कळलं की दर वर्षी अ‍ॅन्झॅक डेला शाळेत सैनिकांसाठी कार्यक्रम होतो, तेव्हा ती जात नाही. मुख्याध्यापकांना दर वर्षी नव्याने पत्र लिहून सांगते की युद्धात मेलेल्यांचं मला दुःख आहे, पण गणवेश आणि बिगुल असेल तिथे मी उभी राहणार नाही. एकदा त्यावरून तिचं प्रमोशन अडलं, असं तिला वाटतं. आणि थोरली? तिच्या शेजारी एक म्हातारा सैनिक राहतो, त्याला ती त्याच दिवशी सकाळी ओटची बिस्किटं पाठवते.

"पण युद्ध तर तुम्हालाही मान्य नाही," मी थोरलीला म्हणाले.

"नाहीच. पण त्याला बिस्किटं आवडतात."

धाकटीने ओठ घट्ट मिटले. हा वाद जुना असावा. मी जीन्स आणि टोपी पाहून दोघींना ज्या दोन टोकांना बसवलं होतं, तिथे दोघी राहायला तयार नव्हत्या.

पुढची दोन वर्षं थोरली दर सहा महिन्यांनी येत राहिली. कधी भावाच्या गाडीतून, कधी धाकटीच्या, एकदा नातवाने हाकलेल्या घोडागाडीतून, तेव्हा हेल्थ सेंटरच्या रिसेप्शनिस्टने घोडा कुठे बांधायचा म्हणून तीन फोन केले. मशीनं ती रोज वापरत होती. गाण्याच्या बटणाचं विचारलं तर म्हणाली, "वापरते. पण आमच्या चर्चमध्ये नाही. तिथे मी मशीनं काढूनच बसते."

"का? बरोबर ऐकू येत नाही?"

"येतं. पण बाकावर बसलं की गाणं पाठीतून येतं. मला ते पुरतं. बटण मी भावाकडे गेले की लावते. चार पट्ट्या पाठीतून येत नाहीत."

एवढा खटाटोप केला तो तिच्या चर्चसाठी, आणि उपयोग झाला तो भावाच्या. मी यशस्वी झाले की नाही, हे फाइलमध्ये कसं लिहावं ते मला कळलं नाही. 'समाधानी' वर टिक केली.

त्याच भेटीत तिने घरच्या बातम्या सांगितल्या. तिची एक नात मामाआजोबांच्या, म्हणजे भावाच्या गाडीवाल्या चर्चमध्ये जाणार होती. हे मला समजण्यासारखं होतं. पण भावाचा मधला मुलगा, लहानपणापासून गाडीत वाढलेला, वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणारा, तो उलटा थोरलीच्या चर्चमध्ये आला. बायको-मुलांसकट. गाडी विकून घोडा घेतला.

"का?" मी विचारलं. माझ्या डोक्यात तोवर एक जिना होता. वरच्या पायरीवर घोडागाडी, मग काळी गाडी, मग जीन्स, आणि सगळ्यांत खाली आपण. माणसं जिना उतरतात एवढंच मी धरून चालले होते.

"मी विचारलं नाही," थोरली म्हणाली. "भाऊ मात्र दोन महिने माझ्याशी बोलला नाही. जणू मीच त्याला फूस लावली." तिने मशीन कानात नीट बसवलं. "मला आनंद झाला आणि मला भावासाठी वाईटही वाटलं. कोणतं जास्त, सांगता येत नाही."

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मी तिच्या कानातला मळ काढायला वाकले होते, आणि माझं मंगळसूत्र शर्टाच्या गळ्यातून बाहेर येऊन तिच्या खांद्यावर लोंबलं. तिने ते बोटावर घेतलं. काळे मणी, मधे वाट्यांच्या जागी बारीक सोन्याचा क्रूस. ती आणि तिच्या चर्चमधल्या बायका अंगावर एकही दागिना घालत नाहीत, लग्नाची अंगठीसुद्धा.

"हे तुझ्या चर्चचं आहे?"

"नाही. म्हणजे, हे लग्नाचं. आमच्याकडे हिंदू बायका घालतात."

"तू हिंदू नाहीस."

"नाही. पण आमच्यातल्याही घालतात. काही जणी. माझी बहीण नाही घालत."

"तिचं चर्च वेगळं आहे का?"

"नाही, तेच."

"मग नियम काय आहे?"

"नियम नाही."

"नियम नाही, तरी तू घालतेस आणि ती नाही." तिने मणी सोडले. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "मग कोणी ठरवलं?"

मी आईपासून सुरुवात केली, मग सासूबाईंवर गेले, मग म्हणाले की मला ते आवडतं, मग म्हणाले की ऑफिसात कधी कधी काढून ठेवते. प्रत्येक वाक्यानंतर मला ते खोटं वाटत होतं, निदान अपुरं. शेवटी मी म्हणाले, "मी विचार करून सांगते."

"सांग," ती म्हणाली, आणि दुसरा कान पुढे केला.

घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "अगं, तूच म्हणाली होतीस लग्नात, मला हवंय म्हणून." मला असं काही म्हटल्याचं आठवत नव्हतं. शनिवारी वसईला बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "मी घालत नाही असं कोणी सांगितलं? चर्चच्या सणाला घालते की." मग तिने विचारलं, हे आजच कुठून निघालं. मी तिला मेनोनाइट समजावून सांगायला लागले. आमिश आजीपर्यंत आले आणि तिने मला थांबवलं.

"थांब, थांब," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून सांग. घोडागाडीवाली कोणती?"